वाचकांचे प्रश्न : कार्बनचा कायदा आणि आपण

ऊर्जा संवर्धन कायद्यावर मागच्या अंकात लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ऊर्जा-लेखापरीक्षक आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या, फाउंड्र्या यांची वीज आणि इंधन कुठे जातं, याचा हिशेब मांडणं हे माझं काम. मी वकील नाही. पण ज्या कायद्यामुळे बॉयलर हाउसचं दार माझ्यासाठी उघडतं, तो कायदा मला रोज हाताळावा लागतो. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे.

मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यशास्त्राच्या तासाला वाद झाला. सर म्हणाले, भारतात हवामान बदलावर कायदाच नाही. मैत्रीण म्हणाली, संसदेनं २०२२ साली केलाय. कुणाचं खरं? — विद्यार्थिनी, नांदेड

दोघांचंही खरं आहे. हवामान बदल हाच विषय असलेला, सगळ्या खात्यांना बांधून घेणारा एकच कायदा भारतात नाही. तुझे सर हेच सांगत असणार. सर्वोच्च न्यायालयानंही हे नोंदवलं आहे, आणि तेही माळढोकाच्या खटल्यात. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला ज्याचं अभयारण्य आहे, तोच हा पक्षी. राजस्थान-गुजरातमध्ये तो विजेच्या तारांना धडकून मरतो, म्हणून तारा जमिनीखाली घ्याव्यात, असा आदेश न्यायालयानं २०२१ मध्ये दिला होता. नेमक्या त्याच माळरानांवर सौर आणि पवन प्रकल्प उभे राहत होते. सरकार पुन्हा न्यायालयात गेलं. २१ मार्च २०२४ च्या निकालात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं तो सरसकट आदेश बदलला आणि विषय तज्ज्ञ समितीकडे दिला. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून मिळतो, असंही या निकालात म्हटलं आहे. या विषयावर एकछत्री कायदा नसल्याचा उल्लेख त्यातच आहे. एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. वर्गात जरूर वाचा.

आता तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं. ऊर्जा संवर्धन कायदा मूळ २००१ चा. त्याची मोठी दुरुस्ती लोकसभेनं ऑगस्ट २०२२ मध्ये आणि राज्यसभेनं डिसेंबरमध्ये मंजूर केली. १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. केंद्राला कार्बन क्रेडिटचा, म्हणजे कमी केलेल्या कार्बनच्या प्रमाणपत्रांचा बाजार उभारता येईल, मोठ्या ग्राहकांना ऊर्जेचा ठरावीक हिस्सा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांतून घ्यायला लावता येईल, मोठ्या निवासी इमारतींनाही ऊर्जेची संहिता लावता येईल, हे अधिकार या दुरुस्तीनं आले. त्यातल्या दुसऱ्या अधिकाराखाली आकडे ठरले आहेत. वीज वितरण कंपन्या आणि स्वतःची वीज तयार करून वापरणारे कारखाने यांनी २०२४-२५ मध्ये २९.९१ टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची, आणि हा हिस्सा वाढवत २०२९-३० मध्ये ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा.

याखेरीज २००३ चा वीज कायदा आहे. अक्षय ऊर्जेच्या खरेदीचं बंधन राज्यांचे वीज नियामक आयोग त्याच्या कलम ८६ खाली आधीपासूनच घालत होते. आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, जो भोपाळच्या वायुकांडानंतर झाला. कार्बन कमी करण्याची कारखानानिहाय उद्दिष्टं २०२५ मध्ये याच कायद्याखालच्या नियमांनी दिली गेली. म्हणजे कायदा आहे, पण तीन कायद्यांमध्ये आणि ऊर्जा व पर्यावरण अशा दोन मंत्रालयांमध्ये विखुरलेला आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. २००५ च्या तुलनेत उत्सर्जन तीव्रता (देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागे सुटणारा कार्बन) २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करू, विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म करू, २०७० पर्यंत निव्वळ शून्य (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ) गाठू, ही भारताची मोठी आश्वासनं. यातलं एकही कुठल्याही कायद्याच्या कलमात नाही. ती संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनात आहेत. निम्म्या क्षमतेचं आश्वासन २०२५ मध्ये, मुदतीच्या पाच वर्षं आधी पूर्ण झालं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर पॅनेल दिवसातले काही तासच वीज देतं, कोळशाचा संच रात्रंदिवस चालतो. त्यामुळे देशाची जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे. वादात उतरशील तेव्हा हे दोन आकडे वेगळे ठेव.

नवा पंखा घ्यायचा आहे. बीएलडीसी पंखा साध्याच्या दुप्पट किमतीचा. दुकानदार म्हणतो, स्टार वगैरे कंपन्यांची जाहिरात असते. खरं का? — गृहिणी, सोलापूर

स्टारचं लेबल ही जाहिरात नाही. ते ऊर्जा संवर्धन कायद्याखाली येतं, आणि छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद होतच नाही. पण दिवसाला बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तरी एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात. तुमच्या स्लॅबप्रमाणे हे हजारभर ते दीड हजार रुपये होतात. जो पंखा सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

लेबलवर कोणत्या काळासाठीचे स्टार आहेत हेही पाहा, कारण तक्ते कडक होत जातात. जुलै २०२२ मध्ये एसीचा तक्ता बदलला तेव्हा आदल्या दिवशीचा पाच स्टारचा एसी चार स्टारचा झाला होता. गोदामातला जुना माल ‘फाइव्ह स्टार’ म्हणून गळ्यात मारला जातो, तो असा.

आमची बेचाळीस सदनिकांची सोसायटी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी ८ किलोवॉटचं सौर छत करायचं ठरवलं. वीज कार्यालयात अर्ज देऊन महिने झाले. कधी ‘ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासायची आहे’, कधी ‘साहेब रजेवर’. सदस्य मला विचारतात, मी काय सांगू? — सोसायटीचे सचिव, पुणे

सचिवसाहेब, सदस्यांना सांगा की कायदा तुमच्या बाजूनं आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० मध्ये आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार १० किलोवॉटपर्यंतच्या सौर छताला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागतच नाही. परिपूर्ण अर्ज मंजूर झाल्याचं धरलं जातं. मंजूर भार कमी पडत असेल तर तो वाढवून देण्याचं काम वितरण कंपनीचं. त्यामुळे तुमच्या ८ किलोवॉटसाठी ट्रान्सफॉर्मरचं कारण चालत नाही. एक फरक मात्र लक्षात घ्या. वितरण यंत्रणा सक्षम करण्याचा खर्च कंपनीनं स्वतः सोसायचा, ही सवलत ५ किलोवॉटपर्यंतच आहे.

तोंडी विचारपूस थांबवा. या नियमांचा उल्लेख करून लेटरहेडवर अर्ज द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या. तरी हालचाल झाली नाही, तर वीज कायद्याच्या कलम ४२ खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याच्या वर विद्युत लोकपाल आहेत. वकील लावण्याची गरज नाही. मी पाहिलंय, मंचाकडे जाण्याचं पत्र गेलं की फाइल टेबलावर येते. असं व्हायला नको, सामान्य माणसाला नियम क्रमांक पाठ असायची वेळ यायला नको, पण आज तसंच आहे.

पैशाचं सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे तुम्हाला १,४४,०००. स्वतंत्र घराला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,०००. हे अनुदान योजनेचं आहे. योजनेला मुदत असते, निधी असतो, दोन्ही संपू शकतात. छतावर पॅनेल बसवून नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा) मागण्याचा हक्क मात्र नियमांतून आलेला आहे, तो योजनेबरोबर संपत नाही. सभेत हा फरक स्पष्ट सांगा, नाहीतर ‘अनुदान बंद झालं, आता जाऊ द्या’ असा सूर लागतो.

पुण्याच्या उन्हात ८ किलोवॉट दिवसाला तीसेक युनिट देईल. पाण्याची टाकी दुपारी भरायची सवय पंपवाल्याला लावा. आणि विजेच्या गाडीच्या चार्जरवरून तुमच्याकडे वाद सुरू आहे असं पत्रात शेवटी लिहिलंय, त्यालाही याच दुरुस्तीत उत्तर आहे. गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, तेव्हा ‘सोसायटीच्या बिलात भर पडेल’ हा आक्षेप टिकत नाही.

मॅडम, शिरोलीत आमची ग्रे आयर्नची फाउंड्री आहे, दोन इंडक्शन फर्नेस. जर्मनीतला ग्राहक टनामागे कार्बन किती, असा तक्ता भरून मागतोय. सीए म्हणतात, आपल्याला हे लागू नाही. धाकटा भाऊ म्हणतो, उलट आपणच कार्बन क्रेडिट विकू. कुणाचं ऐकू? — उद्योजक, कोल्हापूर

तुमच्या घरात दोन वेगवेगळे कायदे एकमेकांत मिसळले आहेत. एक दिल्लीचा, एक युरोपचा.

आधी दिल्लीचा. कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या २८२ कारखान्यांना उद्दिष्टं मिळाली. ते सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतले आहेत. २०२३-२४ हे आधारवर्ष. टनभर उत्पादनामागे किती कार्बन सोडता, तो आकडा २०२५-२६ आणि २०२६-२७ मध्ये किती खाली आणायचा, हे प्रत्येक कारखान्याला नावानिशी ठरवून दिलं आहे. त्याहून खाली गेलात तर प्रत्येक टनामागे एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते बाजारात विकता येतं. कमी पडलात तर दुसऱ्याचं विकत घ्यायचं. तेही केलं नाही, तर प्रमाणपत्राच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आकारणार. दुप्पट हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आजवर अनेक कायद्यांत दंड इतका किरकोळ असायचा की तो भरून मोकळं होणं स्वस्त पडे. तुमची फाउंड्री या यादीत नाही, तेव्हा भावाला सांगा, उद्दिष्टच नसेल तर त्याहून पुढे गेल्याचं प्रमाणपत्रही नाही. स्वेच्छेनं प्रकल्प नोंदवण्याची वाट वेगळी आहे, ती आटपाडीच्या उत्तरात पाहा.

आता युरोपचा. युरोपात येणारा माल बनवताना जो कार्बन सुटला, त्यावर तिथे सीमेवर कर आहे. त्याची नुसती माहिती देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशाचा टप्पा आहे. हा कर भरण्यासाठीची प्रमाणपत्रं तिथला आयातदार विकत घेतो, तुम्ही नाही. पण त्याचा भार दराच्या वाटाघाटीत तुमच्यावरच येणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिलं काम, तुमच्या प्रत्येक मालाचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) काढा. लोखंड-पोलादाच्या यादीत पाइप, पाइप फिटिंग, नटबोल्ट आहेत. पंपाचे आणि इंजिनाचे सुटे भाग म्हणून प्रकरण ८४ किंवा ८७ मध्ये जाणारा माल कर सुरू झाला त्या वेळच्या यादीत नव्हता. शिवाय आयातदार वर्षाला ५० टनांहून कमी माल आणत असेल तर त्याला सूट आहे. सीएंचं म्हणणं तुमच्या काही मालाबाबत बरोबर निघेलही. पण ग्राहक विचारतोय तर तक्ता भराच. खरा आकडा दिला नाही की ठोक आकडा लावला जातो, आणि तो चांगल्या कारखान्याला महागात पडतो.

तक्ता भरताना सगळे विजेकडे बघतात. लोखंडाच्या मालावर युरोप कर लावताना विजेमागचा कार्बन धरत नाही, भट्टीतला थेट कार्बन आणि कच्च्या मालात आधीच शिरलेला कार्बन धरतो. तुमच्याकडे कोक जळत नाही, म्हणून प्रश्न चार्ज मिक्सचा, म्हणजे भट्टीत कच्चं लोखंड (पिग आयर्न) किती आणि भंगार (स्क्रॅप) किती टाकता याचा आहे. पिग आयर्न झोतभट्टीतून येतं. त्याच्या एका टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. भंगाराच्या वाट्याला तसा बोजा धरत नाहीत. त्यामुळे कोणत्या ग्रेडला पिग किती आणि स्क्रॅप किती, याची हीटनिहाय (प्रत्येक वितळणीची) नोंद हीच तुमची सगळ्यात किमती वही. पिगच्या पुरवठादाराकडून त्याचा कार्बनचा आकडा लेखी मागा.

याचा अर्थ वीज सोडून द्या असा नाही. ती तुमच्या खिशातून जाते आणि चंद्रपूर-भुसावळच्या चिमणीतून बाहेर पडते. टनभर धातू वितळवायला ६०० युनिट लागत असतील, तर ग्रिडच्या सरासरीनं त्यामागे चारशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. शिरोली-गोकुळ शिरगावच्या शॉप फ्लोअरवर मी जे पुन्हा पुन्हा पाहते ते सांगते. मोल्डिंग लाइन थांबलेली, धातू तयार, आणि भट्टी झाकण उघडं ठेवून तो गरम धरून बसलेली. लाल उजेड छतापर्यंत जातो, तो सगळा विकत घेतलेला. दुसरं म्हणजे रिजेक्शन. परत आलेलं कास्टिंग पुन्हा वितळवलं की एकाच नगासाठी दोनदा वीज जळते. रनर-रायजरचं (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत उरणाऱ्या धातूचं) वजन कमी करणं आणि रिजेक्शन उतरवणं, यांत जेवढी बचत आहे तेवढी नवी भट्टी घेऊनही होत नाही.

नवी यंत्रणा घ्यायचीच असेल तर ऊर्जा दक्षता ब्युरोनं जुलै २०२५ मध्ये लघु-मध्यम उद्योगांसाठी व्याज सवलत आणली आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यमांना ३. चौदा उद्योगांच्या यादीत फाउंड्री आहे. आणि २०२२ च्या हरित खुल्या प्रवेशाच्या नियमांनी बाहेरून सौर-पवन वीज घेण्यासाठी लागणारी किमान मागणीची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे. तुमच्यासारख्यांसाठीच ती खाली आली.

ताई नमस्कार. गावात दोन माणसं आली होती. म्हणाली, बांधावर बांबू लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे दर वर्षाला खात्यावर येतील, सरकारचाच कायदा आहे. करार चाळीस वर्षांचा आणि इंग्रजीत आहे. निम्म्या गावानं सह्या केल्या. मी थांबलोय. करू का? — शेतकरी, आटपाडी

थांबलात हे फार चांगलं केलंत, दादा.

कायदा आहे हे खरं. उद्दिष्ट नसलेल्या लोकांनाही स्वेच्छेनं प्रकल्प नोंदवून कार्बन क्रेडिट मिळवता येईल, अशी तरतूद डिसेंबर २०२३ मध्ये झाली, आणि शेती-वनीकरणाचं क्षेत्र त्यात धरलेलं आहे. पण झाड लावलं आणि पैसे आले, असं त्यात काही नाही. आधी मोजण्याची पद्धत सरकारनं मंजूर केलेली लागते. मार्च २०२५ मध्ये पहिल्या काही पद्धती मंजूर झाल्या, त्यात लागवडीची म्हणावी तर किनाऱ्यावरच्या कांदळवनाची होती. मग प्रकल्पाची नोंदणी, त्रयस्थ संस्थेकडून पडताळणी, आणि त्यानंतर प्रमाणपत्र. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. याशिवाय परदेशी खासगी नोंदणी संस्थांचा एक वेगळा बाजार आहे. तो बेकायदा नाही, पण तो ‘सरकारचा कायदा’ही नाही. आलेली माणसं यातल्या कुठल्या बाजाराची, हे त्यांनी सांगितलं का?

पुन्हा आली की चावडीवर, चार लोकांसमोर विचारा. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक काय? मोजणार कोण आणि त्याचा खर्च कुणाच्या वाट्यातून? शंभर रुपये आले तर शेतकऱ्याच्या हातात किती? दुष्काळात बांबू वाळला तर माझ्यावर वसुली निघेल का? आटपाडीत हा प्रश्न पहिला विचारायला हवा. चाळीस वर्षांत भावकीत वाटणी होणार, एखाद्याला जमीन विकावी लागणार, तेव्हा हा करार सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढणार का? मुलांवर बांधील राहणार का?

मराठी प्रत मिळाल्याशिवाय सही करू नका. मिळाल्यावर ती तालुका विधी सेवा समितीकडे न्या. शेतकऱ्याला तिथे सल्ला मिळतो, पात्र असाल तर वकीलही मोफत मिळतो. ज्यांनी सह्या केल्यात त्यांनाही सोबत न्या. त्यांनी आपल्या कराराची प्रत मागून घ्यावी. अनेकांकडे प्रतच नसते, आणि ते मला सगळ्यात घातक वाटतं.

बांबू लावू नका असं मी म्हणत नाही. बांध धरून ठेवायला, विकायला तो चांगला आहे. फक्त तो बांबूच्या भावावर लावा, न दिसणाऱ्या पैशावर नाही. आणि तुमच्या विहिरीवरचा पंप अजून डिझेलचा आहे असं लिहिलंय, तर राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत १० टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाचपर्यंत ५ चा, त्यापुढे साडेसातचा.

इथे २०२२ साली मोठा कायदा झाला, आम्ही छतावर सौर लावलं, करात सवलत मिळाली. २०२५ मध्ये ती काढून घेतली. भारतात असं होऊ शकतं का? — न्यू जर्सी, अमेरिका

अमेरिकेत या विषयाची गाडी पुढे-मागे होतच राहिली आहे. कार्बनचा बाजार उभारणारं वॅक्समन-मार्की विधेयक जून २००९ मध्ये प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ असं मंजूर झालं, पण सिनेटमध्ये मतदानालाच आलं नाही. तुम्ही म्हणता तो २०२२ चा कायदा (इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट) सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मतावर पार पडला. ४ जुलै २०२५ च्या कायद्यानं त्यातलं बरंच कापलं. विजेच्या गाडीची सवलत ३० सप्टेंबरला, घरावरच्या सौरची ३१ डिसेंबरला संपली.

भारतात वेगळी भीती आहे. आपला मूळ कायदा संसदेत सहसा मागे घेतला जात नाही. पण त्यातला खरा ऐवज, म्हणजे आकडे, मुदती, कुणाला लागू, हे सगळं अधिसूचनांमध्ये असतं. अधिसूचना बदलायला मतदान लागत नाही, मुदतवाढीला तर चर्चाही लागत नाही. म्हणून मला ब्रिटनचा २००८ चा कायदा आवडतो. त्यात उद्दिष्ट कायद्यातच आहे, ते २०१९ मध्ये निव्वळ शून्यापर्यंत वाढवलं गेलं. दर पाच वर्षांचं कार्बन अंदाजपत्रक आहे. आणि सरकार कुठे मागे पडलं हे संसदेला तोंडावर सांगणारी स्वतंत्र समिती आहे. त्यांचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. आपल्या संसदेत अशा समितीचं विधेयक यावं असं मला वाटतं, आणि ते मी प्रत्येक व्यासपीठावर बोलते.

मी निवृत्त शिक्षक. आमचं शहर औष्णिक वीज केंद्रावर आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणींवर उभं आहे. मुलगा कंत्राटी कामगार. धूळ आम्ही खाल्ली. आता कोळसा बंद व्हायचा असेल तर कायद्यात आमच्यासाठी काय आहे? — चंद्रपूर

गुरुजी, वर सांगितलेल्या तिन्ही कायद्यांत तुमच्यासाठी एकही कलम नाही. ऊर्जा संवर्धन कायद्याची २०२२ ची दुरुस्ती मी कलम-कलम वाचली आहे. तिच्यात कारखाना आहे, इमारत आहे, वाहन आहे, जहाजसुद्धा आहे. कामगार नाही. हा विसर मला या सगळ्या मांडणीतला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. २,९२० मेगावॉटचं केंद्र ज्या शहरानं आपल्या छातीवर सोसलं आणि मुंबई-पुण्याला उजेड दिला, त्याचा पुढचा विचार कायद्यानं करायला हवा. जर्मनीनं २०२० मध्ये कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा त्याच्या जोडीला कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतच्या मदतीचा कायदाही केला. असा जोड-कायदा आपल्याकडे मागितला पाहिजे, आणि तो चंद्रपूर, कोरबा, धनबाद या कोळशाच्या शहरांनी एकत्र मागितला पाहिजे.

कोळसा उद्या बंद होत नाही. देशाची तीन-चतुर्थांश वीज त्यावर आहे, हे वर आलंच आहे. म्हणजे तयारीला वेळ आहे. एक पैसा आजही तुमच्या जिल्ह्यात येतो. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झालं आणि खाणवाल्यांना रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात रक्कम भरावी लागते. पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य यांवर ती खर्च व्हायची आहे. सभागृहं आणि कमानी यांवर ती जाऊ देऊ नका. मंजूर कामांची यादी माहिती अधिकारात मागा. कंत्राटी कामगारांच्या मुलांना आणि खुद्द कामगारांनाही सौर जोडणी, ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती, बॅटरी यांचं प्रशिक्षण या निधीतून द्यावं, असा ठराव ग्रामसभांमधून आणि महापालिकेतून जाऊ द्या. तुम्ही शिक्षक होतात, अर्ज लिहिणारे हात तुम्ही तयार केलेले आहेत.

मुलासाठी एक काम लगेच करा. कंत्राटदार बदलत गेले तरी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच राहिला आहे का, पाहा. प्रत्येक कंत्राटदाराचं ओळखपत्र, हजेरीचा उतारा, पगाराची पावती, गेटपासची झेरॉक्स एका फाइलमध्ये लावा. स्थायी कामगाराची नोंद कंपनीकडे असते, कंत्राटी माणसाची बहुतेक वेळा कुणाकडेच नसते. उद्या भरपाईचं किंवा पुनर्प्रशिक्षणाचं कलम आलं, तर पहिला प्रश्न ‘इथे किती वर्षं काम केलं, दाखवा’ हाच येईल.